साडूच्या टाकीपेक्षा लाल

३ जून, रविवार

साडूकडे जेवण. जेवण बरं होतं. टाकी फार झाली.

दारातून आत शिरलं की समोरच ठेवली आहे, म्हणजे चपला काढतानाच माणसाने बघावी. चार फुटी. आत झाडं, आणि ती लाल. हिरव्यावर लालसर झाक वगैरे नव्हे. सोललेल्या डाळिंबासारखी लाल. मधून बारके मासे इकडून तिकडे. डॉक्टर (म्हणजे साडू. दातांचे. सासरी सगळे डॉक्टरच म्हणतात, मीही म्हणतो, माझं काय जातं) हात मागे बांधून शेजारी उभे होते आणि काही बोलत नव्हते. न बोलता मिरवणं फार वाईट. बोलून मिरवणाऱ्याला निदान उलट काही ऐकवता येतं.

ही टाकीसमोरच्या स्टुलावर बसली ती पाऊण तास उठली नाही. मी दोनदा खाकरलो. येताना बसमध्ये म्हणाली, भाऊजींच्या टाकीसमोर बसलं की डोकं कसं शांत होतं.

लग्नाला एकोणीस वर्षं झाली. माझ्यासमोर बसून हिचं डोकं शांत झाल्याचं मला आठवत नाही.

मत्सर हा माझा स्वभाव नाही. पण बावीस वर्षं दिव्यांच्या शोरूममध्ये काढलेल्या माणसाच्या घरात रिकामी भिंत आणि दात उपटणाऱ्याच्या घरात प्रकाशाचा खेळ, हे काही बरोबर नाही. लाल झाडांना मुख्य लागतो तो प्रकाश, हे डॉक्टर स्वतःच म्हणाले. बाकी चार गोष्टी म्हणाले, त्या मी ऐकल्या नाहीत. प्रकाश म्हटला की विषय माझा.

संकल्प: सहा आठवड्यांत आपल्याकडे टाकी. त्यांच्यापेक्षा लाल. ही समोर बसेल. मी शेजारी उभा राहीन. हात मागे बांधून.

४ जून, सोमवार

मासेवाल्याकडे गेलो. चार फूट दोन इंच टाकी मागितली. अशी येत नाही म्हणाला. चार फुटीच घेतली, पण काच डॉक्टरांच्यापेक्षा जाड.

लाल झाडांच्या बारा जुड्या घेतल्या. बुडाशी शिशाची पट्टी गुंडाळून मिळतात. मासेवाल्याने विचारलं, दिवा किती तास ठेवणार, खत कुठलं, लोह देणार का, कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर आहे का. मी म्हटलं, दिव्याचं काय विचारायचं ते तुम्ही मला विचारा. त्याने विचारलं नाही.

५ जून, मंगळवार, सकाळी ७.१५

दिवा बसवला. शोरूमच्या बाहेर बोर्डवर मारतात तो फ्लडलाइट. पूर्वी डिस्प्लेत होता. सकाळी सहा ते रात्री आठ, चौदा तास. डॉक्टर आठ तास ठेवतात. चौदा आणि आठ यांतला फरक शाळेतल्या मुलालाही कळेल.

ही स्वयंपाकघरातून डोळ्यांवर हात धरून बाहेर आली. म्हणाली, घरात काही झालंय का. मी म्हटलं, पहाट झाली.

मासे फिल्टरच्या मागे गेले आहेत. सवय होईल.

९ जून, शनिवार

पानं गळताहेत. झाडं रुळताहेत. नव्या घरी माणूसही आधी वाळतोच.

गळालेली पानं लाल, नवी येताहेत ती हिरवट. मासेवाल्याला फोन केला. तो म्हणाला, नर्सरीत ती पाण्याबाहेर वाढवलेली असतात, पाण्यात गेल्यावर जुनी पानं टाकतात, घाबरू नका, पण दिवा कमी करा. दिवा कमी करा असं आजवर मला एकाही गिऱ्हाइकाने सांगितलेलं नाही.

१२ जून, मंगळवार

काचेवर हिरवा थर. झाडांवर हिरवा थर. पाईपवर, दगडांवर, एका गोगलगाईवरही हिरवा थर. लाल सोडून सगळं झालं.

समोरच्या इमारतीतल्या काकांनी बेल वाजवून विचारलं, तुमच्याकडे शूटिंग चालू आहे का. त्यांच्या बेडरूममध्ये सकाळी सहाला ऊन येतं म्हणे, आणि त्यांची खिडकी तर पश्चिमेला आहे. मी पडदा लावायला सांगितलं. तेही मलाच पडदा लावायला सांगत होते.

हिने शेवाळ पुसायला जुना टूथब्रश दिला. ब्रश पाहून डॉक्टर आठवले. संध्याकाळ वाया गेली.

१५ जून, शुक्रवार

विचारांती कळलं. प्रश्न प्रकाशाचा नाहीच, प्रकाश उत्तम आहे. प्रश्न लोहाचा. लाल रंगाला लोह लागतं. डॉक्टर बाटलीतून थेंब थेंब टाकतात. दवाखान्याची सवय. मी माळ्यावरून जुने गंजके खिळे काढले, इंचाचे, अकरा. एकेका झाडाच्या मुळाशी एकेक रोवला. बाराव्या झाडाला बिजागरीचा तुकडा.

कार्बन डायऑक्साइडचंही मार्गी लावलं. सिलिंडर कशाला हवं? तो वायू आपण दिवसभर फुकट सोडतोच. सकाळी फिश टँकची नळी तोंडात धरून टाकीत शंभर फुंका मारायच्या. आज चौसष्ट मारल्या. मग सोफ्यावर पडलो. हिने पाणी आणून दिलं आणि नळीबद्दल काही विचारलं नाही. हल्ली ती विचारत नाही.

१७ जून, रविवार

डॉक्टर आणि मेव्हणी आले. मुद्दाम टाकी बघायला आले असणार, तोंडाने म्हणाले सहज.

डॉक्टर वाकून बराच वेळ बघत होते. खिळे पाहिले. बिजागरी पाहिली. मग म्हणाले, साडूभाऊ, आठ तास पुरे होतात हो. नायट्रेट जरा जास्त वाटतंय, पाणी बदलत जा. मी म्हटलं, बघू. माणूस असं कधी सांगतो? समोरचा पुढे जातोय हे दिसलं की सांगतो.

मेव्हणी म्हणाली, छान हिरवीगार आहे. बोलण्यात खोच होती.

जाताना ही त्यांना खाली सोडायला गेली. लिफ्टने खाली जायला एक मिनिट लागतं. ही बावीस मिनिटांनी वर आली. काय बोलत होतात विचारलं तर म्हणाली, काही नाही, ताईच्या गुडघ्याचं. डॉक्टर दातांचे आहेत. गुडघ्याचं त्यांच्याशी काय बोलायचं?

२० जून, बुधवार, रात्री ८.२०

जमलं.

दार उघडलं आणि उभाच राहिलो. मागे डाव्या कोपऱ्यात सहा शेंडे. लाल. सकाळी तिथे शेवाळलेल्या काड्या होत्या. एका दिवसात. खिळ्यांनी काम केलं.

हिला हाक मारली. ती टॉवेल वाळत घालत होती. म्हणाली, अय्या, खरंच की. टाकीपुढचं पायपुसणं ओलं होतं. विचारलं तर म्हणाली, लादी पुसली. लादी ही सकाळी पुसते.

दिव्याला हात लावून बघितला. चौदा तास चालूनही गार. याला म्हणतात क्वालिटी.

२१ जून, गुरुवार

शोरूममध्ये एक बाई ओट्यावर लावायला ट्यूब घ्यायला आल्या होत्या. त्यांना लाल झाडांविषयी सगळं सांगितलं. प्रकाश, लोह, श्वास. वीस मिनिटं. मालक कोपऱ्यातून खुणा करत होते. त्या बाई नंतर येते म्हणाल्या. त्यांना पटलेलं दिसलं.

२४ जून, रविवार

साडूकडे. आज मीच जाऊया म्हटलं.

डॉक्टरांची टाकी डाव्या बाजूने विरळ झाली आहे. जिथे दाट रान होतं तिथे बोटभर थुटकं राहिलंय. मी विचारलं, काय झालं. म्हणाले, छाटणी केली. छाटणी! माणसाचे केस गळायला लागले की तोही बारीक कापून घेतो.

मला वाईट वाटलं. जेवतानाही वाईट वाटलं. मग आणखी वाढून घेतलं.

ही तरी त्याच टाकीसमोर बसली. मी म्हटलं, अगं आपल्याकडे याहून चांगली होतेय. म्हणाली, हो, ठाऊक आहे. पण उठली नाही.

२७ जून, बुधवार

उजवा कोपराही पेटला! रोपं अगदी सरळ रांगेत आलीत, जणू कोणी चिमट्याने लावावीत. निसर्गाला शिस्त असते ती अशी.

एक चमत्कारही नोंदवून ठेवतो. सगळे खिळे नाहीसे झाले. अकराच्या अकरा. झाडांनी सगळं लोह पिऊन टाकलं. बिजागरीही प्यायली. शनिवारी नवे टाकायचे.

वाळूत एक बारीक पांढरा दोरा सापडला. एका जुडीभोवती गुंडाळलेला. हुंगून पाहिला तर पुदिन्याचा वास. मासेवाल्याला फोन करून झापलं, की असला दोरा बांधून माल विकता. तो म्हणाला, आम्ही शिशाची पट्टी बांधतो, दोरा नाही. माणूस चूक कबूल करत नाही ती नाहीच.

३० जून, शनिवार

मोठा दिवस. दुपारी ही आपणहून टाकीसमोर येऊन बसली. खुर्ची ओढून, मांडीवर हात ठेवून. मला आतून इतकं बरं वाटलं की काय सांगू.

डॉक्टरांना पाठवायला फोटो काढायचा होता. हिची सावली काचेवर पडत होती. दोन मिनिटं उठ म्हटलं. उठली. मग कोन जमेना, तेव्हा खुर्चीही हलवली. मग फ्लॅश. मग पडदा. चाळीस फोटो काढले, त्यातला सव्विसावा चांगला आहे.

पाठवल्यावर हाक मारली, ये बस आता. ती तोवर भाजी चिरायला बसली होती. म्हणाली, राहू दे, तुमचं चालू दे.

डॉक्टरांचं उत्तर: छान. आणि अंगठा. बस्स. जळफळाट याला म्हणतात.

४ जुलै, बुधवार

आणखी आठ शेंडे. आता ही झाडं फक्त बुधवारी लाल होतात हे माझ्या लक्षात आलं आहे. कारण शोधायला हवं. मंगळवारी मी फुंका दीडशे मारतो, त्याचा परिणाम दुसऱ्या दिवशी दिसत असणार.

८ जुलै, रविवार

साडूकडे. त्यांची टाकी ओळखू येत नाही. मागे बहुतेक थुटकी, एका कोपऱ्यात तेवढी मूठभर लाल झाडं उरलीत. मी डॉक्टरांच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, खचून जायचं नाही. मग प्रकाशापासून सगळं नीट समजावलं. जाताना त्यांना कागदात गुंडाळून दोन खिळे भेट दिले. त्यांनी घेतले. मेव्हणी एकदम उठून आत गेली आणि आतून बराच वेळ खोकत होती.

बक्षीस म्हणून मला अपेक्षा होती की ही येताना काहीतरी म्हणेल. बसमध्ये म्हणाली, तुम्ही भाऊजींशी जरा नीट बोलत जा. चार वेळा डॉक्टरांची बाजू घेतली. मी मोजलं.

आजवर हिने माझी बाजू घेतली ती एकदाच, बसमध्ये, सीटवरून. तेव्हा डॉक्टर तिथे नव्हते.

१० जुलै, मंगळवार

हिच्या फोनवर सहज नजर गेली. मी बघत नाही, नजर गेली. भाऊजी, मंगळवार, सहा मिनिटं. मागचा मंगळवार, नऊ मिनिटं. त्याच्या मागचा, अकरा.

विचारलं. म्हणाली, दाढ दुखतेय. मग तासाभराने मक्याचं कणीस खाल्लं. दोन्ही बाजूंनी.

मला आता दिसतंय ते सगळं ओळीने मांडतो. लिफ्टची बावीस मिनिटं. ओलं पायपुसणं. टॉवेल. मंगळवारचे फोन. आणि डॉक्टरांचा दवाखाना बुधवारी बंद असतो.

जेवण गेलं नाही. टाकीकडेही बघवेना. दिवाही पहिल्यांदाच आत न डोकावता बंद केला.

उद्या शोरूममधून दुपारीच निघणार. डोकं दुखतंय सांगायचं. दुखतंयही.

११ जुलै, बुधवार, संध्याकाळी

लिहायला हात होत नाही. तरी लिहितो.

दोन वाजता आलो. किल्ली हळूच लावली. दारात डॉक्टरांचे बूट. आतून हिचं हसणं. एवढं मोकळं हसताना मी तिला कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. चपला न काढताच आत गेलो.

डॉक्टर बाह्या खांद्यापर्यंत वर करून टाकीत हात घालून उभे होते. हातात दवाखान्यातला लांब चिमटा. शेजारी बादली, बादलीत त्यांची लाल झाडं, बुडाशी पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली. दात साफ करायचा दोरा. ही टॉवेल धरून उभी, दुसऱ्या हातात माझी शेवाळलेली काडी. दिवा बंद. खिळे वर्तमानपत्रात, शनिवारी मी टाकले होते ते.

पंपाचा आवाज येत होता.

डॉक्टर म्हणाले, साडूभाऊ, हात ओला आहे, नाहीतर मिळवला असता. आणि चिमट्यातली जुडी आधी लावली, मग हात काढला. जाताना बादली रिकामी होती. म्हणाले, माझ्याकडे आता शेंडे उरले नाहीत, थुटक्यांना फुटायला दोनेक महिने लागतील. सगळं रान तुमच्याकडेच आहे, जपा. दिवा मात्र आठ तासच ठेवा. तुम्ही घरात नसताना हीच बंद करते, आठला तुम्ही यायच्या आधी लावते. याहून वाईट म्हणजे ते हे अगदी प्रेमाने म्हणाले.

ते गेल्यावर हिला विचारलं, का. भांडण काढायचं म्हणून विचारलं होतं. ती खुर्चीवर बसली. म्हणाली, तुम्ही घरी आलात की थेट टाकीकडे जायचात. जेवताना टाकीकडे बघायचात. झोपेत खिळे म्हणायचात. म्हटलं, एकदाची लाल होऊ दे, मग हा माणूस वळून माझ्याकडे बघेल. म्हणून भाऊजींच्या पाया पडले.

खरं म्हणजे त्याही वेळी मी टाकीकडेच बघत होतो. नवी जुडी जरा तिरपी लागली होती.

१३ जुलै, शुक्रवार

फ्लडलाइट काढला. शोरूममधून साधा पट्टीचा दिवा आणला, आठ तासांचा टायमर लावून. नळी फेकली. समोरच्या काकांनी खिडकीतून हात केला.

टाकी लाल आहे. सगळ्या नात्यागोत्यात एवढी लाल टाकी कुणाकडेच नाही, डॉक्टरांकडे तर अजिबातच नाही. हे मी सकाळपासून तीनदा आठवून बघितलं. हवी तेवढी मजा आली नाही.

संकल्प: रविवारी हिला घरीच टाकीसमोर बसवायचं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा. मीही खुर्ची घेऊन शेजारी बसायचं आणि बोलायचं नाही.

१५ जुलै, रविवार, दुपारी १.३०

दोन खुर्च्या मांडल्या. ही बसली. मीही बसलो. चार मिनिटं छान गेली. मग मागच्या रांगेतल्या तिसऱ्या काडीच्या टोकाला जरा हिरवट दिसलं. मी नुसतं एवढंच म्हटलं, की तिसरी बघितलीस का. मग चौथी. मग लोह. ही उठून चपला शोधायला लागली. मग म्हणाली, मी ताईकडे जाऊन येते.

म्हटलं, मी येतो. म्हणाली, या की.

१५ जुलै, रविवार, संध्याकाळी ७ (साडूकडून, मागच्या खोलीतून)

डॉक्टर आणि मेव्हणी वरच्या मजल्यावर कोणाकडे गेलेत. त्यांच्या टाकीत बघण्यासारखं काही नाही. वाळू, दोन दगड, बोटभर उंचीची थुटकी. लाल म्हणावं असं पान शोधूनही सापडत नाही. मी शोधलं. सगळी लाल झाडं माझ्या घरी आहेत, इथून बसने वीस मिनिटांवर, आणि तिथे आता कोणी नाही.

ही त्याच स्टुलावर बसली आहे. तासभर झाला.

मी जाऊन विचारलं, आता काय बघतेस यात. म्हणाली, काही नाही, बरं वाटतं. तिचा चेहराही खरंच बरा दिसत होता. शेजारी बसायला जागा होती, पण बसलो तर मी बोलणार हे तिलाही माहीत आहे आणि मलाही. म्हणून या खोलीत येऊन लिहीत बसलो आहे.

दिव्याचा काही परिणाम असेल म्हणून दारातून परत एकदा पाहिलं. त्यांच्या टाकीचा दिवा बंद आहे.